नाव खरं, पत्ता खोटा

१

ग्रंथपालबाईंनी आजवर चोरलेले शोधनिबंध पाहिले होते, उसने घेतलेले पाहिले होते, एकाचे दोन करून छापलेलेही पाहिले होते. पण कोणीही न पाठवलेला निबंध आपणहून चालत जाऊन छापून येतो, हे त्यांनी त्या सोमवारी पहिल्यांदाच पाहिलं.

मेडिकल कॉलेजचं ग्रंथालय नुकतंच उघडलं होतं. पंखे सुरू व्हायच्या आत चिमणी आत आली. चिमणी म्हणजे बालरोग विभागातली शिकाऊ डॉक्टर. आवाज बारीक, बोलणं भरभर, म्हणून सगळं कॉलेज तिला चिमणी म्हणायचं आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. आज मात्र तिने लॅपटॉप बाईंच्या टेबलावर ठेवला आणि स्वतः उभीच राहिली.

"बस आधी," बाई म्हणाल्या. "काय झालं?"

"बाई, गेल्या आठवड्यात सरांनी परवानगी दिली, तेव्हा मी निबंध पाठवला. आज संपादकांचं उत्तर आलं. म्हणतात, हा निबंध आधीच छापून आलाय. दुसरीकडे छापलेलं आमच्याकडे का पाठवता?"

"आणि आलाय का?"

"आलाय. पण मी पाठवलाच नाही हो! कुठेच नाही!"

अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्गावरचं एक इंजेक्शन किती किती तासांनी द्यावं, यावर चिमणीने तीन वर्षं घालवली होती. औषध नामी, पण लाडाचं नाही. वेळा चुकल्या तर बाळाच्या मूत्रपिंडांवर येतं आणि कानांवर येतं. तिच्या निबंधाचा सगळा जीव एका तक्त्यात होता: बाळाचं वजन एवढं, तर दोन डोसांमध्ये अंतर एवढं.

बाईंनी चष्मा नाकावर सारून पडद्याकडे पाहिलं. जर्नलचं नाव तेच, ज्याचे अंक त्यांच्याच कपाटात ओळीने लावलेले होते. संपादकांची नावं तीच. नोंदणी क्रमांकही तोच. पण कपाटातलं जर्नल म्हणजे करड्या रंगाचा रुक्ष अंक. वर नुसती अक्षरं, पहिल्या अंकापासून एक चित्र नाही. आणि इथे पानभर निळा रंग, त्यावर तान्ह्या बाळाची मिटलेली मूठ.

"हा पत्ता बघ," बाई म्हणाल्या. "नावाच्या मधोमध ही आडवी रेघ दिसते? खऱ्या पत्त्यात ती नाही. आणि शेजारचे निबंध वाच. पुलाचं काँक्रीट, मग मत्स्यपालन, मग तुझी बाळं. कोणीतरी खऱ्या जर्नलचं नाव चोरून बनावट दुकान थाटलंय. जे येईल ते घ्यायचं आणि न वाचता टांगायचं."

पण चिमणीचं लक्ष पत्त्याकडे नव्हतं. तिने तक्ता मोठा केला होता.

"बाई, हा आमचा तक्ता नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आमचाच, पण चुकलेला. यात ओळी खालीवर झाल्यात. सगळ्यात लहान बाळांपुढे मोठ्या बाळांच्या वेळा आल्यात. ही चूक आम्ही कधीच दुरुस्त केली होती." तिने बाईंचा हात धरला. "कोणी हे वाचून इंजेक्शन दिलं तर?"

२

अधिष्ठात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"सरळ आहे," ते म्हणाले. "पदवीसाठी निबंध छापून यावा लागतो. मुदत जवळ आली, मुलगी घाबरली, मिळेल तिथे पाठवून दिला. आता अंगावर आलं तर म्हणते, मी नाही."

"साहेब, मग तिने खऱ्या जर्नलला पुन्हा कशाला पाठवला असता?"

"ते तुम्ही शोधा. कुठे छापावं आणि कुठे छापू नये, हे दरवर्षी सगळ्यांना तुम्हीच शिकवता ना? शुक्रवारपर्यंत सांगा कोणी पाठवला. नाहीतर तिच्या पदवीचं प्रकरण समितीपुढे जाईल."

बाई ग्रंथालयात परतल्या. शिकवायच्या तर त्या होत्याच, आणि झकास शिकवायच्या. नुसत्या नावावर जाऊ नका, पत्ता अक्षर अक्षर तपासा. संपादक म्हणून ज्यांची नावं टांगलीत, त्यांतल्या एखाद्याला विचारा की बाबा, तू खरंच तिथे आहेस का. मागचे अंक काढून वाचा. चार दिवसांत 'स्वीकारला' असं उत्तर आलं तर आनंदू नका, घाबरा. खरे परीक्षक एवढ्यात पहिलं पानसुद्धा उलटत नाहीत. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

त्यांनी बनावट यादीतल्या एका संपादकाला तिथल्या तिथे फोन लावला. तो बिचारा वैतागलेलाच होता. "माझं नाव काढा म्हणून वर्षभर लिहितोय. तिकडून उत्तर म्हणून येत नाही."

फोन ठेवला, आणि ठेवता ठेवता बाईंना काहीतरी आठवलं.

मध्यंतरी साथ होती, सगळे मास्क लावून फिरत होते, ते दिवस. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी त्या अशाच फोनवर होत्या. पलीकडे धाकटी बहीण. आईला कोणी ठेवून घ्यायचं यावरून दोघींची जुंपली होती. तेवढ्यात खिडकीबाहेर कोणीतरी आलं. मास्कमधून दबका, पुरुषी आवाज. त्याने या जर्नलचं नाव घेतलं आणि विचारलं, "बाई, हे मासिक चांगलं आहे ना?" मोबाइलही पुढे केला होता त्याने. हातात काहीतरी चमकल्यासारखं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं होतं.

बाईंनी मान वर केली नव्हती. फोनवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "हो हो, उत्तम. डोळे झाकून पाठवा."

बाई खुर्चीत बसून राहिल्या. ज्याला शोधायचं होतं, तो त्यांच्याच शब्दावर गेला होता. आणि तो सापडला की पहिलं वाक्य हेच बोलणार होता.

त्यांनी हे अधिष्ठात्यांना सांगायला हवं होतं. उद्या सांगू, असं त्या स्वतःला म्हणाल्या.

३

निबंधावर तीन नावं होती. चिमणीचं, विभागप्रमुखांचं आणि आकडेवारी पाहणाऱ्या प्राध्यापकांचं. दुसऱ्या दिवशी बाईंनी विभागप्रमुखांपासून सुरुवात केली.

त्यांना सगळे मोठे सर म्हणत. निवृत्ती जवळ आलेली, हात अजून स्थिर. त्यांची खोली बाळांच्या वॉर्डाला लागून होती आणि भिंतीपलीकडून रडण्याचे बारीक बारीक आवाज येत.

"मी पाठवला नाही," सर म्हणाले. "मी जर्नल कसं पाहतो, तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर छापलेलं नसेल तर मी वाचत नाही. निबंधही मी छापूनच मागवला आणि शाईने तपासला. शीर्षक बदललं."

"काय बदललं?"

"तिने 'निश्चित' असा शब्द घातला होता. मी तो काढला. वैद्यकात निश्चित काही नसतं."

बाईंनी मोबाइल काढून पाहिलं. छापून आलेल्या निबंधाच्या शीर्षकात 'निश्चित' हा शब्द ठसठशीत बसला होता. म्हणजे हा मसुदा सरांच्या हाती पडायच्याही आधीचा. पण सरांची नजर खिडकीकडे वळली होती आणि काहीतरी अजून बाकी होतं, हे बाईंना जाणवलं.

"सर, निबंध तुमच्याकडे किती काळ होता?"

"बराच."

"म्हणजे?"

"मागच्या वर्षीपासून." सर कपाटाकडे वळले. "कपाटात ठेवला होता. तपासून झाला होता, पण द्यायला हात होईना."

"का?"

"त्या पोरीने सिद्ध काय केलंय, वाचलंत? सगळ्यात लहान बाळांना हे औषध आम्ही फार जवळजवळ देत आलो. आम्ही म्हणजे मी. या वॉर्डात ती वेळ मी ठरवली. माझ्या तरुणपणी. तेव्हा पुस्तकात तसंच होतं, हे खरं. पण इथून बरी होऊन गेलेली पोरं मोठी झाली असतील. त्यांतल्या कोणाला कमी ऐकू येत असेल, कोणाला माहीत? मी कधी विचारायला गेलो नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "निबंध वेळेवर सोडला असता, तर आज खऱ्या जागी छापून आला असता. पाठवला नाही मी. पण रस्ता मीच अडवून बसलो होतो."

बाई उठल्या. दारापाशी सर म्हणाले, "तुम्ही आकडेवारीवाल्या टक्क्यांना भेटा. मी विषय काढला तर काल त्यांना घाम फुटला होता."

४

आकडेवारीचे प्राध्यापक बोलता बोलता प्रत्येक गोष्टीचे टक्के काढत, म्हणून ते टक्के. चहात साखर किती विचारलं तरी टक्क्यांत सांगतील, असा माणूस. बाईंना पाहताच त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"शंभर टक्के सांगतो, मी नाही पाठवला."

"मी अजून काही विचारलंच नाही."

"पण विचारणार ना? माझं नाव आहे त्याच्यावर. ते नियतकालिक बनावट आहे, हे मला आधी समजलं असतं तर—"

"टक्के, घाम पुसा आणि खरं काय ते सांगा."

टक्क्यांनी रुमाल काढला. "तो तक्ता माझा आहे. ओळी खालीवर माझ्याकडून झाल्या. रात्रपाळीची माहिती जोडताना रकाना सरकला आणि मी तपासलं नाही. चिमणीने घरी बसून चूक पकडली. मी तिच्या हातापाया पडलो की सरांना सांगू नकोस. तिने नाही सांगितलं. मी त्याच दिवशी नवा तक्ता दिला आणि माझ्याकडचा जुना मसुदा पुसून टाकला. आता सांगा, स्वतःची एवढी ढळढळीत चूक असलेला निबंध मी जगाला दाखवायला पाठवीन का?"

बाईंना हसू आलं असतं, दुसरा कुठला दिवस असता तर. माणूस खरं बोलत होता. ज्याला आपली चूक लपवायची आहे, तो तिची दवंडी पिटत नाही.

"मग जुना मसुदा कोणाकडे उरला?"

"चिमणीकडेच असेल. तिच्या घरच्या लॅपटॉपवर." टक्के खाली मान घालून म्हणाले. "बाई, ती पोरगी नसेल ना हो? ती असली तरी दोष माझाच. चूक केली मी, आणि तिला गप्प बसायला लावलं तेही मीच."

जिन्यात बाईंनी मोबाइलवर ते निळं पान पुन्हा उघडलं. आणि आता त्यांना दिसलं, जे कालपासून डोळ्यांसमोर होतं. निबंधाच्या आत चिमणीचं माहेरचं आडनाव होतं. ती सगळीकडे तेच लिहायची, त्यावरून ऑफिसशी भांडलीही होती. पण वर, जिथे पाठवणाऱ्याने स्वतः भरलेली नावं दिसतात, तिथे तिच्या नावापुढे सासरचं आडनाव होतं.

तिने स्वतः भरलं असतं, तर मरून गेली तरी असं लिहिलं नसतं.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. चिमणी होती.

"बाई, एका लांबच्या रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. अभिनंदन करत होते. म्हणाले, तुमचा तक्ता फार उपयोगी पडला. आम्ही तो वापरायला लागलोय."

५

एका बाळाला तक्त्याप्रमाणे डोस सुरू झाले होते. दोन दिवस झाले होते. चिमणीने तिथल्या डॉक्टरांना थांबवलं. मोठ्या सरांनी फोन स्वतःच्या हातात घेऊन पुढे काय करायचं ते एकेक करून सांगितलं. रक्त तपासा, लघवी मोजा, महिनाभराने कान तपासा. मग सरांनी कपाटातला तो निबंध बाहेर काढला, समोर ठेवला आणि ओळखीच्या एकेका रुग्णालयाला फोन लावायला बसले.

बाई मात्र चिमणीच्या नवऱ्याला भेटायला निघाल्या. निघताना त्यांनी चिमणीला विचारलं, "घरी काय काय सांगितलंयस?"

"निबंधाचा काहीतरी घोळ झालाय, एवढंच. कुठे छापलाय ते पान मी यांना दाखवलेलं नाही. आधीच फार काळजी करतात. मी रडले की यांना जेवण जात नाही."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान कॉलेजमागच्या रस्त्यावर होतं. दुकान छोटं आणि स्वच्छ. भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरं, काचेच्या कपाटात चष्म्यांच्या चौकटी. माणूस तिशीतला, हळू बोलणारा. बाईंना पाहून तो चटकन उभा राहिला आणि काही न बोलता त्यांच्याकडे पाहत राहिला, जणू बाईच आधी काहीतरी बोलतील असं त्याला वाटत होतं. बाईंना ती नजर सोसेना. त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं.

"बसा, बाई," शेवटी तो म्हणाला. "ही बरी आहे ना? सकाळी न खाताच गेली."

"बरी नाही. समितीपुढे जायची वेळ आलीय तिच्यावर."

"पण तिने काय केलंय?"

"तिचा निबंध एका फसव्या जर्नलमध्ये आलाय."

"फसवं कसं असेल?" तो एकदम म्हणाला. "एवढं नावाजलेलं मासिक! ही तर लग्नाआधीपासून त्याचंच नाव घेते. वर ते बाळाच्या मुठीचं चित्र, मोठमोठे डॉक्टर संपादक... ते खोटं कसं?"

"खोटं आहे," बाई म्हणाल्या. तो काहीतरी बोलायला पुढे झाला. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ चष्मा दुरुस्तीला आले आणि बाई घाईने बाहेर पडल्या.

कोपऱ्यापर्यंत पोचल्यावर त्यांचे पाय थांबले. मुठीचं चित्र याने कुठे पाहिलं?

६

बाई ग्रंथालयात गेल्या नाहीत. रस्त्याच्या कडेच्या बाकावर बसल्या आणि सगळं मनात जुळवत गेल्या.

मसुदा जुना. शीर्षकात 'निश्चित' आहे, म्हणजे तो सरांकडे जाण्याच्या आधीचा, तेव्हा सर नाहीत. त्यात टक्क्यांची चूक आहे, आणि ती झाकायला ते काहीही करतील, तेव्हा टक्के नाहीत. वर भरलेलं आडनाव सासरचं, तेव्हा चिमणी नाही. तो मसुदा उरला होता फक्त घरच्या लॅपटॉपवर. घरात ती सासरच्या नावाने ओळखली जाते. आणि मुठीचं चित्र खऱ्या जर्नलवर कधीच नव्हतं. ते फक्त त्या चोरट्या पानावर आहे, आणि ते पान चिमणीने नवऱ्याला दाखवलेलं नाही. म्हणजे त्याने ते आपलं आपण पाहिलं होतं.

शिवाय एक शब्द होता. सर जर्नल म्हणतात, टक्के नियतकालिक म्हणतात, आणि ते निघतंही तीन महिन्यांनी. मासिक म्हणणारा माणूस बाईंनी दोनदाच ऐकला होता. आज दुकानात, आणि त्या दिवशी खिडकीपाशी.

सुटका झाली असती, खरं तर. गुन्हेगार सापडला होता, चिमणी सुटली होती. अधिष्ठात्यांना फक्त नवऱ्याचं नाव सांगितलं की पुरे. खिडकीपाशी काय झालं ते तो बोलला, तरी बाईंना उत्तर होतं. मला नाव विचारलं होतं. नाव उत्तमच आहे. मी खोटं काय सांगितलं? हे उत्तर त्यांनी मनातल्या मनात घोळवून पाहिलं. ते इतकं चोख होतं की त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

त्या उठून पुन्हा दुकानात शिरल्या. म्हातारे गृहस्थ गेले होते. नवरा खुर्चीत बसला होता, हातात चष्म्याची एक काडी.

"तुम्ही पाठवलात," बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"ती रोज रडायची, बाई. सर सोडत नाहीत, मुदत जवळ येतेय, सगळं वाया जाणार. मला त्यातलं काय कळतं? मी तिच्या तोंडचं नाव शोधलं तर ते निळं पान वर आलं. लगेच पाठवा, लगेच छापू. म्हटलं, छापून आलं की हिच्यापुढे ठेवायचं. हिचा चेहरा बघायचा होता मला. लॅपटॉपवर निबंध शोधला. एकाचं नाव होतं 'शेवटचा'. मला काय माहीत त्याच्यानंतर 'शेवटचा नवा' पण आहे!"

"आणि छापून आल्यावर गप्प का बसलात?"

"त्याच आठवड्यात सरांनी तिला परवानगी दिली. ती एवढी आनंदात होती की मला सांगवेना. मी त्या लोकांना लिहिलं की काढून टाका. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. आता तुम्ही गेलात आणि हिचा फोन आला, म्हणते, कुठल्याशा बाळाला..." त्याने काडी खाली ठेवली. "मी दुकानात पाव नंबरसुद्धा चुकू देत नाही. तीनतीनदा तपासतो. आणि हे मी न तपासता—"

"न तपासता नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही विचारायला आला होतात."

त्याने मान वर केली.

"ग्रंथालयाच्या खिडकीवर. मी फोनवर होते."

"तुम्ही मघाशी आलात तेव्हा मला वाटलं, तुम्ही मला ओळखलंत," तो हळू म्हणाला. "म्हणून गप्प उभा राहिलो."

"मग बोलला का नाहीत? बाईंनीच सांगितलं होतं, असं?"

"तुमचं नाव घेऊन काय होणार होतं? बटण तर मीच दाबलं." मग खरंच कळत नसल्यासारखं त्याने विचारलं, "पण बाई, मी पान उघडून मोबाइल पुढे धरला होता. तुम्हाला तेव्हा दिसलं नाही का?"

"मी पाहिलंच नाही," बाई म्हणाल्या.

७

शुक्रवारी अधिष्ठात्यांपुढे बाईंनी आधी खिडकीची गोष्ट सांगितली आणि मग बाकीची. अधिष्ठाते वैतागले.

"हे तुम्ही सोमवारी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली."

"आणि तसं पाहिलं तर तुम्ही नावाबद्दल बोललात. नाव बरोबरच होतं. एवढं अंगावर घ्यायची गरज काय?"

"साहेब, पत्ता तपासा हे शिकवण्याचा पगार घेते मी. या सगळ्यात पाठवण्याआधी विचारणारा एकच माणूस निघाला, आणि तो चुकीच्या खिडकीवर आला."

बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि वर्षभर प्रशिक्षण देण्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. टक्क्यांनी सरांपुढे जाऊन आपली चूक स्वतः सांगितली, एकही टक्का न काढता. खऱ्या जर्नलच्या संपादकांनी सगळी हकिकत वाचली, चोरट्या पानाबद्दल आपल्या अंकात इशारा छापला आणि निबंध परीक्षणाला घेतला. निळं पान मात्र काही केल्या हटलं नाही. ते अजून तिथे आहे आणि त्यावर चिमणीचं नावही आहे. सासरचं.

चिमणी नवऱ्याशी भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त लागेल तेवढंच बोलायची. महिन्याने बाळाचे कान तपासायचे होते, त्या दिवशी ती म्हणाली, "मी जाते." तो म्हणाला, "गाडी मी चालवतो." बाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्या येऊन गाडीत मागे बसल्या.

रुग्णालय छोटं होतं, भिंती नव्याने रंगवलेल्या. कान तपासायची खोली बंद आणि शांत. आईने बाळाला छातीशी धरलं होतं. बाळ एवढंसं, टोपीत अर्धं बुडालेलं. यंत्र चालवणाऱ्या ताईंनी त्याच्या उजव्या कानात एक मऊ टोक बसवलं. चिमणी पडद्याकडे पाहत उभी राहिली. नवरा दाराशी.

"तुम्ही बाळाच्या कोण?" आईने बाईंना विचारलं.

बाईंनी सांगितलं. पुस्तकी शब्द न वापरता, सगळं. तक्ता चुकलेला होता. तो चुकीच्या ठिकाणी छापला गेला. पाठवण्याआधी मला विचारलं होतं आणि मी न बघता हो म्हटलं. तुमच्या बाळाला दोन दिवस औषध जास्त वेळा गेलं, ते त्यामुळे.

"यांची नाही चूक," नवरा दारातून म्हणाला. "मी पाठवलं."

"तुम्ही मला विचारलं होतं," बाई वळून म्हणाल्या.

"हळू बोला," आई म्हणाली. "उठेल ते."

यंत्राचा बारीक टिकटिक आवाज येत राहिला. मग पडद्यावर हिरवी खूण आली.

"उजवा चांगला आहे," ताई म्हणाल्या. त्यांनी टोक डाव्या कानात बसवलं. या वेळी बराच वेळ गेला. बाळाने डोळे उघडले, तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागलं. ताईंनी दोनदा प्रयत्न केला. हिरवी खूण आली नाही.

"याचा अर्थ काय?" आईने विचारलं.

चिमणीने तिच्यापाशी खाली बसून सांगितलं, "डाव्याचं आज नक्की सांगता येत नाही. बाळ रडलं तर यंत्राला ऐकू येत नाही. कानात ओल असली तरी असं होतं. किंवा खरंच त्रास झाला असेल. पुढच्या महिन्यात पुन्हा बघायचं. काही असलंच तर लवकर कळलेलं बरं, उपाय असतात. मी येणार आहे. प्रत्येक वेळी."

आईने बाळाला खांद्यावर घेतलं आणि थोपटत राहिली. तिने ना कोणाला बोल लावला, ना कोणाला माफ केलं. नवऱ्याने डोळे पुसले, ते चिमणीने पाहिलं. ती उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिथून हलली नाही.

बाई निघायला उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांना मागून आईचा आवाज आला.

"पुढच्या खेपेला येणार असाल, तर दुपारी या. दुपारी गाढ झोपतं ते. सकाळी उगाच रडतं."

"दुपारी येऊ," बाई म्हणाल्या.